भात्यावरची काशी

माडबंदरच्या चर्चमधल्या मोठ्या पेटीला उचकी लागली होती.

"अरे हळू! दांडा आहे तो, हापसा नाही!" मृणाल ओरडली.

पेटीच्या मागे गावच्या व्यायामशाळेतले दोन गडी घामाघूम होऊन एक लाकडी दांडा खालीवर करत होते. "मॅडम, हवा तर भरतोय ना?" त्यांतला एक वैतागून म्हणाला.

"हवा भरताय, पण सूर सांडताय," पेटीपुढे बसलेली वल्लरी म्हणाली आणि तिने पट्ट्यांवरून हात काढून घेतले.

पेटी म्हणजे भजनात मांडीपुढे घेतात ती नव्हे. दोन पुरुष उंच, कपाटासारखी, नळ्यानळ्यांची, म्हणजे पाइप ऑर्गन. मागचा दांडा हलवला की आतला चामड्याचा भाता भरतो, वारा नळ्यांत चढतो आणि पुढे पट्टी दाबली की सूर निघतो. वाऱ्याचं काम पूर्वी विजेची मोटार करायची. निसर्ग चक्रीवादळात चर्चची कौलं उडाली, पाणी आत शिरलं आणि मोटार गेली. कौलं परत बसली. मोटार बसली नाही.

आणि आता शनिवारवर आलेली मैफल. मृणाल अलिबागची, आणि ही सगळी कल्पना तिचीच. तीन शनिवार, सूर्य कलताना, माडबंदरच्या कथेड्रलमध्ये चारशे वर्षांपूर्वीचं चर्चचं संगीत आणि जॅझ, दोन्ही एका बैठकीत. कथेड्रल हा शब्द पत्रिकेवरचा. फिरंग्यांच्या अमदानीत इथे बिशप बसायचा म्हणे, म्हणून कथेड्रल. गाव त्याला 'मोठं चर्च' म्हणतं. छोटं असं दुसरं नाहीच.

दारात गोदूबाई खराटा टेकून उभी होती. चर्चचं आवार झाडणं हे तिचं काम, आणि आत काय चाललंय त्यावर बोलणं हा तिचा हक्क.

"मेल्यांना जन्मात कुणी वारा घालायला शिकवलाय का?" ती म्हणाली. "आमच्या काशीला बोलवा. पस्तीस वर्षं भाता ओढलाय तिनं. भात्यावर बसल्या बसल्या पोराला पाजलं, पर निखारा कधी काळा पडू दिला न्हाय."

"कोण काशी?"

"बाबाजी लोहाराची. आता एकटीच हाय. रिकामीच हाय."

शेवटचं वाक्य गोदूबाईने सहज म्हटलं. पण गावात काशीविषयी बोलायचं झालं तर एवढंच बोलण्यासारखं उरलं होतं.

काशी रोह्याकडच्या खेड्यातली. सतराव्या वर्षी लग्न होऊन माडबंदरला आली ती थेट भात्यापुढे. लोहाराच्या घरात नवरा घण घालतो आणि बायको वारा घालते. संसाराची वाटणी अशी आधीच झालेली असते. बाबाजी वाड्यांतल्या लोकांचे कोयते करायचा, विळ्या करायचा, मचव्यांना लागणारे खिळे करायचा. कामाला बसला की त्याच्या तोंडात बिडी असायची, त्यामुळे तो बोलत नसे. बोलायचं ते हातोडीने. ऐरणीवर हातोडी एकदा टेकवली, टक, की जोर वाढव. दोनदा, टक टक, की पुरे, सोड हात. बस, एवढीच भाषा. एकदा दोघांचं कशावरून तरी जबर वाजलं आणि आठ दिवस अबोला होता. त्या आठ दिवसांत त्यांनी चाळीस कोयते केले.

मग अलिबागच्या दुकानांत तयार कोयते आले आणि मचव्यांना दुसरे खिळे लागायला लागले. भट्टी आठवड्यातून दोनदा पेटायची, नंतर एकदा. वादळ झालं तेव्हा मात्र किनाऱ्यावरचे माड आणि पोफळी आडव्या झाल्या आणि ते तोडायला जो तो कुऱ्हाड घेऊन बाबाजीच्या दारात. दोन महिने भट्टी विझली नाही. काशीचे खांदे सुजले होते, पण ती कधी नव्हे ती मजेत होती. ते शेवटचं. पुढच्या वर्षीच्या साथीत बाबाजीला तालुक्याला नेलं आणि तिथून तो परत आला नाही. दवाखान्यात कुणाला आत सोडत नव्हते. काशीने फाटकाबाहेर वडाखाली तीन दिवस काढले. चौथ्या दिवशी मुलगा, शुभम, फाटकावरच्या माणसाशी बोलून आला आणि म्हणाला, "आई, चल."

बायांनी तिच्या हातातल्या काचेच्या बांगड्या काढल्या. मनगटात एक काळं लोखंडी कडंही होतं, बाबाजीने लग्नाच्या वर्षी उरल्यासुरल्या लोखंडाचं केलेलं. ते काही निघेना. कुणी साबण आणा म्हटलं, तेव्हा काशीने हात पदराखाली घेतला. विषय तिथेच संपला.

त्याला चार वर्षं झाली. शुभम कामोठ्याला राहतो, तळोज्याच्या कंपनीत जातो. काशी सकाळी दोन पर्यटकांच्या घरांत चादरी धुते आणि दुपारनंतर बंद भट्टीच्या ओट्यावर बसते. भात अजून दोघांचा शिजतो. हाताला मापच तेवढं माहीत.

गोदूबाई तिला बोलवायला आली तेव्हा ती ओट्यावरच होती.

"चल गो, चर्चात जायचंय."

"मी? काय करू तिथं?"

"भाता ओढायचाय."

काशीला वाटलं थट्टा करते आहे. "उगा काय बोलतेस गोदू. चर्चात कसला भाता?"

"येऊन बघ तर. तुझ्या भट्टीहून मोठा हाय."

काशी आली, पेटीच्या मागे वाकली आणि आधी तिने भात्याचं चामडं दोन बोटांत धरलं. मग नाकाशी नेलं.

"मेंढीचं," ती म्हणाली.

वल्लरी चकित झाली. "हो. तुम्हाला कसं कळलं?"

"आमचं शेळीचं असायचं. हे मऊ हाय. पर तहानलंय. करंजाचं तेल लावलं न्हाय कुणी?"

"यावर तेल चालतं का ते विचारून..." मृणाल सुरुवात करणार तोच काशीने दांडा धरला होता. एकदा दाबला, सोडला. पुन्हा दाबला. "आमचं ओढायचं असतंय, हे दाबायचं," ती स्वतःशीच म्हणाली. भात्याची खुबी जोरात नसते, वळणावर असते. दांडा खाली जाऊन वर यायला लागतो त्या क्षणी वारा तुटतो. तो तुटू द्यायचा नाही. काशी तिथे कोपर किंचित सैल सोडायची, बस.

वल्लरीने एक पट्टी दाबली आणि दाबूनच ठेवली. सूर निघाला तो सरळ, ताटात वाढलेल्या तुपासारखा. कुठे खड्डा नाही, चढ नाही.

दोन्ही गडी निमूटपणे घाम पुसायला लागले. गोदूबाई दारातून म्हणाली, "बोलले की न्हाय?"

अशी काशीला पेटीमागची जागा मिळाली. अडीच हात रुंद, तीन हात लांब. समोर पेटीची पाठ, मागे भिंत. पेटी आणि कमान यांच्यात चार बोटांची फट होती, त्यातून वल्लरीचा डावा खांदा दिसायचा. आणखी काही दिसायचं नाही. बाजूला सुतळीला बांधलेला शिशाचा गोळा. भाता भरला की खाली येणार, रिता झाला की वर जाणार. तो पाहून वारा घालायचा असं फादरनी समजावलं. काशीने मान हलवली आणि त्या गोळ्याकडे पुन्हा कधी पाहिलं नाही. तिला कानाने कळत होतं. दुसऱ्या दिवशी ती करंजाच्या तेलाची बाटली पदराखाली लपवून घेऊन आली आणि कुणाचं लक्ष नसताना चामड्यावर बोट फिरवलं. चर्चात उदाचा वास होता, त्यात तो कडवट वास मिसळला. फादरनी नाक वर केलं.

तालमीत तिला हळूहळू उमगत गेलं. वल्लरी जे जुनं वाजवायची ते म्हणजे लोखंड तापत ठेवणं. घाई नाही, आच सारखी. मग पितळी वाकड्या पिपाणीवाला आणि बेलापूरहून आलेला ढोलवाला अनीश त्यात घुसायचे आणि तेच गाणं वाकवायला लागायचे.

"मावशी, याला जॅझ म्हणतात," अनीशने चहा पिताना तिला सांगितलं. "ठरलेलं गाणं घ्यायचं आणि जागच्या जागी मोडून त्याचं नवीन काहीतरी करायचं."

"मंजे जुन्या कोयत्याची विळी करायची."

अनीश पेला हातात धरून बघतच राहिला. "वल्लरी, ऐकलंस? दहा वर्षं मी लोकांना समजावतोय, असं मला एकदा पण जमलं नाही यार."

काशी लाजली. कुणी तिचं बोलणं दुसऱ्याला ऐकवावं, याची सवय मोडली होती.

पहिला शनिवार छान पार पडला. पेटीमागे उभ्या उभ्या काशीला लोक दिसले नाहीत, फक्त त्यांचं खोकणं ऐकू आलं आणि शेवटी टाळ्या, कौलांवर गारा पडाव्यात तशा. पण वल्लरीचा खांदा दिसत होता. खांदा वर गेला की काशी भरून ठेवायची, खाली आला की जपून. दोघींचा श्वास एक झाला होता. बाबाजी गेल्यापासून काशीने दुसऱ्या माणसाबरोबर असं काम केलं नव्हतं. चादरी धुणं हे एकटीचं काम.

घरी जाऊन तिने शुभमला फोन लावला. स्वतःहून फोन लावायची ती चार वर्षांतली दुसरी-तिसरी वेळ.

"आई? काय झालं? बरी हायस ना?"

"बरी हाय. तू शनवारी ये ना. चर्चात गाणं हाय. मी भात्यावर हाय."

"कशावर?"

तिने सांगितलं. पलीकडे थोडा वेळ टीव्हीचा आवाज आला. "बघतो. या शनवारी न्हाय, त्याच्या पुढच्याला बघतो. आई, दमू नको हां."

दुसऱ्या शनिवारी मैफल अर्ध्यावर आली होती. वल्लरी एक लांब, मंद सूर धरून होती. पिपाणी थांबलेली. अनीशने ढोलाचं कातडं सोडून काठी ढोलाच्या कडेवर हलकेच आपटली.

टक. टक.

काशीचा हात दांड्यावरून सुटला.

मनाला कळायच्या आधीच सुटला. पस्तीस वर्षांचा हात तो. तो कधी मनाला विचारून थांबलाच नव्हता. पेटीचा सूर खचत, घसरत खाली गेला, गोठ्यातल्या म्हशीसारखा हंबरला आणि बुडाला. मग मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. काशीने घाईघाईने दांडा धरला तर उलट पेटीला मोठी उचकी लागली. पुढे अनीशने जोरात ढोल धरला, पिपाणीवाल्याने त्याच्यावर चढाई केली आणि दोघांनी मिळून कशीबशी वेळ मारून नेली. काशी वारा घालत राहिली.

मैफल संपल्यावर सगळे पेटीमागे आले. एवढी माणसं त्या जागेत पहिल्यांदाच.

"काशीमावशी, काय झालं? चक्कर आली का?" वल्लरीने विचारलं.

"न्हाय."

"मग?"

सांगायचं काय? की मला नवरा बोलला असं वाटलं? या शहाण्यासुरत्या लोकांपुढे, एवढ्या पुढारलेल्या पोरींपुढे? काशीने पदर खांद्यावर ओढला. "हात सुटला," ती म्हणाली.

मृणालने तिच्या पाठीवर हात ठेवला, अगदी मायेने. "चूक तुमची नाही मावशी. माझी आहे. या वयात तुम्हाला दीड तास उभं ठेवायचं म्हणजे... कितीही पैसे पडोत, मी मुंबईहून भाड्याने मोटार मागवते. शुक्रवारी येईल. शेवटच्या कार्यक्रमाला तुम्ही पुढे खुर्चीवर बसायचं. पहिल्या रांगेत. तुमचा सत्कार करू."

"सत्कार कशाला?" काशी म्हणाली.

"असू दे हो. तुमचा मान आहे."

काशीला शाल आणि नारळ डोळ्यांसमोर दिसला. मेलेल्या माणसाच्या फोटोलाही हार मानानेच घालतात. तिने तेलाची बाटली कोपऱ्यातच राहू दिली आणि घरी आली. त्या रात्रीचा दोघांचा भात सकाळी जसाच्या तसा कावळ्यांना गेला.

चार दिवस ती चर्चकडे फिरकली नाही. गोदूबाई ओट्यावर येऊन बडबडून गेली. "तोंड उघडायला काय झालं होतं गो तुला? एरवी माझ्याशी कोंबडीवरनं भांडतेस!"

"काय सांगायचं होतं?"

"जे असंल ते! मोटारीला काय, बटन दाबलं की झालं. तुझ्यापायी मी त्या गड्यांशी वैर घेतलंय, ठाऊक हाय?"

बुधवारी दुपारी भट्टीच्या दारात सावली पडली. अनीश होता. खांद्याला पिशवी, पायात चपला, गाल उन्हाने लाल.

"मावशी, येऊ?"

"आता न्हाय कसं म्हनू. दारात तर आलास."

तो आत आला. विझलेली भट्टी, भिंतीवर टांगलेला भाता, मधोमध ऐरण. तो ऐरणीभोवती देवळातल्यासारखा फिरला. ढोलवाल्याला वाजणारी वस्तू दिसली की हात शिवशिवणारच. हातोडी ऐरणीवर आडवी होती, बाबाजीने ठेवली होती तशी. काशीने चुलीपाशी बसून चहाचं आधण ठेवलं आणि सूप घेऊन तांदूळ पाखडायला लागली.

"मला एक विचारायचं होतं," तो म्हणाला. "तालमीत पण एकदा असं झालं होतं. थोडंसंच. वारा एक क्षण गेला आणि तुम्ही लगेच सावरलात. मी घरी जाऊन रेकॉर्डिंग ऐकलं. दोन्ही वेळा मी एकच गोष्ट केली होती." आणि बोलता बोलता त्याने हातोडी उचलली.

"ठेव ती!" काशी म्हणाली.

पण तोवर त्याने ती टेकवली होती. टक. टक.

सूप काशीच्या हातातून निसटलं. तांदूळ अंगणापर्यंत पांगले.

अंगणातली कोंबडी आधी पुढे झाली. मग अनीशने हातोडी हळूच, दोन्ही हातांनी, जशी होती तशी ठेवली आणि खाली बसून तांदूळ गोळा करायला लागला.

"हे काय आहे मावशी?"

"पुरे," ती म्हणाली. "दोनदा मंजे पुरे. एकदा मंजे जोर. तो बिडी वढायचा ना, बोलायचा न्हाय." ती तांदळातून खडे वेचावेत तसे शब्द वेचत होती. "दुसरं कुनी सांगितलेलं मला कळायचं न्हाय. सासू वरडायची, पुरे गो, पुरे गो, मी आपली वढतेच. त्यानं टकटक केलं की मगच हात थांबायचा."

"मग हे मृणालला सांगायचं ना!"

"काय सांगू? म्हातारी खुळावली म्हनतील." चहा उकळून वर आला, तिने पदराने भांडं उतरवलं. "जाताना त्यानं पुरे म्हटलंच न्हाय रे मला. मी फाटकाबाहेर होते."

अनीशने चहा घेतला. पेला खाली ठेवून म्हणाला, "मी कडेवर दोनदा वाजवणारच नाही. संपूर्ण कार्यक्रमात नाही. तीनदा वाजवीन, पाचदा वाजवीन. दोनदा नाही. चालेल?"

"आता काय, मोटार येनार."

"मोटारीचं मी बघतो. आणि ऐका, शेवटचा सूर संपला की मी वाजवतो. टक टक. फक्त तुमच्यासाठी. मग सोडायचा हात. तोवर नाही. पक्कं?"

काशीने त्याच्याकडे पाहिलं. पोरगं शुभमपेक्षा लहानच असेल. "बोललास हां," ती म्हणाली. "शब्द दिलास."

"दिला."

शुक्रवारी मोटार आली. खोक्यातून काढून जोडली, बटण दाबलं आणि ती गुणगुणायला लागली, पिठाच्या गिरणीसारखी मोठ्याने नव्हे, पण बारीक, न थांबता. वल्लरीने दोन मिनिटं वाजवलं.

"सूर सरळ आहे," मृणाल म्हणाली.

"सरळ आहे. पण मी थांबते तिथे हा थांबत नाही," वल्लरी म्हणाली. "काशीमावशी माझ्याबरोबर श्वास घेतात."

"आणि मध्येच सोडून देतात! उद्या दोनशे लोक आहेत गं. पुन्हा पेटी हंबरली तर मी तोंड कुठे लपवू?"

"ती चूक माझी होती," अनीश म्हणाला आणि त्याने सगळं सांगितलं. गोदूबाईने ओढून आणलेली काशी दारापाशी तिच्या आड उभी राहून जमिनीकडे पाहत होती. नवऱ्याबरोबरचं बोलणं चारचौघांत असं उघडं पडलेलं तिला सोसवत नव्हतं. पण जागा हवी असेल तर हेही द्यायला हवं, हे तिला कळत होतं.

कुणी हसलं नाही. मृणालने चष्मा काढून पुसला. "आत्ता एकदा पूर्ण तालीम करू," ती म्हणाली. "मोटार जोडलेलीच राहू दे. मावशी, एक जरी गचका बसला, तरी मी बटण दाबणार. चालेल?"

"चालंल," काशी म्हणाली.

दीड तास ती वाऱ्याला होती. अनीश काठी कडेवर आणायचा तेव्हा चर्चातल्या प्रत्येकाचा जीव गोळा व्हायचा. टक टक टक. तीनदा. काशीचा हात अडखळला नाही. शेवटचा सूर सरला तेव्हा मृणालने मोटारीची वायर काढली आणि गुंडाळून खोक्यात टाकली. "जितली गो!" गोदूबाईने दारातून आरोळी दिली. "आता त्या गड्यांना सांगते, या बघायला!"

शनिवारी दुपारी शुभमचा फोन आला. "आई, आज ओव्हरटाइम लागलाय. सुटी मागितली होती, दिली न्हाय."

"असू दे."

"कुनी तुझा व्हिडिओ काढला तर पाठव."

"मी दिसत न्हाय तिथं," काशी म्हणाली. "मागं असते."

चर्च भरलं होतं. बाकं भरून लोक भिंतींना टेकून उभे होते. काशी अडीच हातांच्या जागेत शिरली, पदर खोचला, कडं कोपराकडे वर सारलं. फटीतून वल्लरीचा खांदा दिसला. तो वर गेला.

त्या संध्याकाळी जे वाजलं त्याबद्दल लोक पुढे बरेच दिवस बोलत होते. काशीला बोलता येण्यासारखं काही नव्हतं. तिला एवढंच कळलं, की आच धरली आहे. जुनं गाणं तापून लाल झालं, अनीश आणि पिपाणीवाला त्यावर पडले, त्याला वाकवलं, ताणलं, पाण्यात बुडवलं, पुन्हा आचेवर घातलं. वारा कुठे तिच्या छातीतला आणि कुठे भात्यातला, हे तिचं तिला सांगता आलं नसतं. खिडकीतून आलेलं ऊन भिंतीवरून वर सरकत गेलं आणि विझलं. शेवटी वल्लरीने दहाही बोटांनी एक सूर धरला. धरला, धरून ठेवला. सगळ्या नळ्या एकदम बोलल्या. मग तिने हात उचलले.

एक क्षण काही नाही. मग टाळ्या.

काशी वारा घालतच होती. शब्द होता. तिने कान ढोलाच्या कडेकडे लावले. पुढे काठ्या फरशीवर पडल्याचा आवाज आला, कुणीतरी ओरडलं, अनीशचं हसणं ऐकू आलं, "काय झालं यार हे! काय झालं!" फटीतून वल्लरीचा खांदा नाहीसा झाला. बाकं सरकली. पावलं दाराकडे निघाली. बाहेर उजेड आहे तोवर फोटो काढू, असं मृणाल कुणाला तरी सांगत होती.

शिशाचा गोळा पार खाली टेकला होता. भाता तट्ट भरलेला, पट्टी दाबणारं कुणी नाही, चामडं कुरकुरत होतं. गाणं संपलंय हे काशीला कळत होतं; ती काही खुळी नव्हती. पण तोवर नाही सोडायचा, असं ठरलं होतं. ती जपून, अगदी थोडा थोडा वारा घालत राहिली. चर्च रिकामं होत गेलं. मग समुद्राचा आवाज आत आला.

खराट्याचा आवाज जवळ आला. गोदूबाईने पेटीमागे डोकावलं.

"अगो बाय! अजून कुनाला वारा घालतेस? गेली सगळी."

"जाते. तू हो म्होरं."

"बरी हायस ना?"

"हो म्होरं म्हटलं ना."

गोदूबाई गेली. काशीने डाव्या हाताने दांडा धरून ठेवला आणि उजव्या मनगटावरचं कडं खाली घसरू दिलं. ते काळं, झिजलेलं लोखंड तिने दांड्याच्या लाकडावर टेकवलं. टक. थोडी थांबली. टक.

आणि हात सोडला.

भाता आपल्या वजनाने बसायला लागला. त्याला बराच वेळ लागला. तो पूर्ण बसेपर्यंत ती तिथेच उभी राहिली, मग कोपऱ्यातली तेलाची बाटली उचलली आणि पाठीमागच्या दाराने बाहेर पडली.

चर्चच्या पायऱ्यांवर सगळे गर्दी करून उभे होते. अनीशने तिला पाहिलं आणि दोन्ही हात वर केले. चेहऱ्यावर नुसता आनंद होता. त्याला काही आठवत नव्हतं, आणि तो आठवण्याचा क्षणही नव्हता.

"मावशी! कुठे होतात? या ना, फोटोत या! काही राहिलं नाही ना आत?"

"न्हाय," काशी म्हणाली. "काय राहिलं न्हाय."

वल्लरीने तिला ओढून मध्ये उभं केलं. फोटो निघाला. त्यात सगळे हसताहेत आणि काशी पदराखाली काहीतरी धरून उभी आहे. मग ती खाडीच्या कडेने घरी गेली. चुलीपुढे बसून तिने डब्यातून तांदूळ काढले, दोन मुठी. दुसरी मूठ सुपावर आली तेव्हा ती थोडी थांबली आणि ती मूठ तिने परत डब्यात टाकली.